वाणिज्य पदवीचे चार विषय आणि गावची हिशेबवही

गावोगावच्या सहकारी सोसायट्या, दूध संस्था, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कारभारात आज हिशेबाला आणि व्यवस्थापनाला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आले आहे. त्याच गावांतील मुले-मुली मोठ्या संख्येने वाणिज्य शाखेची पदवी घेत आहेत. तथापि, पदवीधराला गावच्या सोसायटीचा अहवाल वाचता येतोच असे नाही, आणि सोसायटीच्या सभासदालाही पदवीधर आपल्या उपयोगी पडेल असे वाटत नाही. हे अंतर कमी करावयाचे तर या शिक्षणात नेमके काय शिकविले जाते ते प्रथम समजून घेतले पाहिजे.

परंपरा आणि आजचे स्वरूप

हिशेब ठेवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी तिची साक्ष देतात. द्विनोंदी पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी इटलीतील गणिती लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात केली. पुढे १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले. ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. पुण्यात १९४३ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू केले.

आज विद्यार्थ्यापुढे बी.कॉम.बरोबरच बी.बी.ए. आणि बी.एम.एस. हे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रमही आहेत. मुंबई विद्यापीठाने बी.एम.एस. १९९९ साली सुरू केला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बी.बी.ए.सारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्यात २०२४ मध्ये सामायिक परीक्षा घेण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीची रचना तीन किंवा चार वर्षांची केली असून त्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान दिले आहे. ही शेवटची बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची होय.

चार विषय, चार प्रश्न

अभ्यासक्रमाचे नाव कोणतेही असो, त्याचा गाभा चार विषयांचा असतो. काम कोणी, केव्हा आणि कोणाच्या जबाबदारीवर करावयाचे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. माल कोणाला, कोठे आणि कोणत्या भावाने विकावयाचा, हा विपणनाचा प्रश्न. पैसा कोठून आणावयाचा आणि तो केव्हा परत करावयाचा, हा वित्ताचा प्रश्न. आणि शेवटी हाती काय राहिले, हा लेखाशास्त्राचा प्रश्न. हे प्रश्न मोठ्या कारखान्याला जसे लागू पडतात तसेच दहा महिलांच्या बचत गटालाही लागू पडतात. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

एका गटाचा वर्षाचा हिशेब

समजा, एका बचत गटाने शेवया तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. सभासदांचे भांडवल ४०,००० रुपये आणि बँकेचे कर्ज ४०,००० रुपये. त्यातून ६०,००० रुपयांचे यंत्र घेतले. वर्षभरात १,८०० किलो शेवया तयार झाल्या आणि १०० रुपये किलो दराने सर्व विकल्या गेल्या. विक्री १,८०,००० रुपयांची झाली, पैकी ३०,००० रुपये दुकानदारांकडे उधार राहिले. कच्चा माल १,०५,००० रुपयांचा रोखीने घेतला, त्यातील ९,००० रुपयांचा वर्षअखेर शिल्लक राहिला. मजुरी व वीज ३६,०००, जागेचे भाडे १२,००० आणि व्याज ४,००० रुपये रोख दिले. कर्जापैकी १०,००० रुपये फेडले. यंत्र दहा वर्षे चालेल असे धरून दरवर्षी ६,००० रुपये घसारा धरला.

आता नफा काढू. वापरलेला कच्चा माल ९६,०००, मजुरी व वीज ३६,०००, भाडे १२,०००, व्याज ४,००० आणि घसारा ६,००० मिळून खर्च १,५४,००० रुपये. विक्रीतून तो वजा जाता नफा २६,००० रुपये.

परंतु पेटीत किती रक्कम आहे? यंत्र घेतल्यावर उरलेले २०,००० आणि रोख विक्रीचे १,५०,००० मिळून १,७०,००० रुपये आले. कच्चा माल, मजुरी व वीज, भाडे, व्याज आणि कर्जाची परतफेड यांसाठी १,६७,००० रुपये गेले. शिल्लक केवळ ३,००० रुपये.

नफा २६,००० आणि रोकड ३,०००! येथेच अनेक संस्थांची वाट चुकते. नफा झाला म्हणून सभासद वाटणी मागतात. पेटीत रक्कम नसली की सचिवावर संशय घेतला जातो. वस्तुतः पैसा कोठेही गेलेला नसतो. ताळेबंद तेच सांगतो : यंत्र ५४,०००, येणे उधारी ३०,०००, कच्चा माल ९,००० आणि रोकड ३,००० अशी मालमत्ता ९६,००० रुपये. दुसऱ्या बाजूला भांडवल ४०,०००, उरलेले कर्ज ३०,००० आणि नफा २६,००० अशी तेवढीच रक्कम. नफा उधारीत, मालात आणि फेडलेल्या कर्जात गुंतलेला आहे. तो वाटावयाचा असेल तर प्रथम उधारी वसूल केली पाहिजे. ही उधारी दोन महिन्यांच्या विक्रीइतकी आहे. ती निम्म्यावर आणली तर पेटीत १८,००० रुपये राहिले असते.

भाव कसा ठरवावा

याच आकड्यांवरून विपणनाचा निर्णयही घेता येतो. कच्चा माल, मजुरी व वीज हा बदलता खर्च किलोमागे सुमारे ७३ रुपये येतो. भाडे, व्याज आणि घसारा मिळून २२,००० रुपयांचा खर्च मात्र स्थिर आहे. माल कमी झाला म्हणून तो कमी होत नाही. १०० रुपये भावाने ८२५ किलो विक्री झाली की ना नफा ना तोटा, आणि त्यापुढील प्रत्येक किलोमागे सुमारे २७ रुपये उरतात.

एखाद्या व्यापाऱ्याने नेहमीच्या विक्रीखेरीज २०० किलो माल ८० रुपयांनी मागितला, तर सरासरी खर्च सुमारे ८६ रुपये आहे म्हणून नकार देणे योग्य ठरेलच असे नाही. यंत्राला सवड असेल आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचा भाव उतरणार नसेल, तर ही मागणी गटाच्या फायद्याचीच आहे. सर्व माल मात्र ८० रुपयांनी विकला तर वर्षअखेर १०,००० रुपये तोटा येईल. हा विवेक केवळ व्याख्या पाठ करून येत नाही. तो प्रत्यक्ष वही समोर ठेवूनच येतो.

व्यवस्थापनाचा धडाही साधाच आहे. पेटीची किल्ली आणि वही एकाच हाती असू नये. खरेदीची पावती त्याच दिवशी नोंदवावी. रोकड दर आठवड्याला दोघींनी मिळून मोजावी. यामुळे गैरव्यवहार टळतोच, शिवाय प्रामाणिक सचिवाचे विनाकारण होणाऱ्या आरोपापासून रक्षण होते.

शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी काय करावे

कनिष्ठ महाविद्यालयात ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ शिकविणाऱ्या शिक्षकांना वर्गात कीर्द, खतावणी आणि तेरीज यांच्या जोडीला परिसरातील एखाद्या संस्थेचा छापील वार्षिक अहवाल आणता येईल. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एका गटाचे नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार करण्यास सांगावे, आणि ते सभासदांपुढे सोप्या मराठीत वाचून दाखविण्याची अट घालावी. ज्याला आकडे समजावून सांगता येतात त्यालाच ते समजलेले असतात.

पंचायत सदस्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षणाची टिपणी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने सभासदांना वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब पाहण्याचा हक्क दिला आहे. परंतु ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे ठेवलेला हिशेब न ठेवल्यासारखाच असतो. पंचायतीचा हिशेब मुख्यतः रोखीचा असल्याने त्यात येणे कर आणि देणी बिले रोकडवहीत दिसत नाहीत. म्हणून शिलकेबरोबरच थकबाकी किती आणि देणे किती, हे दोन प्रश्न प्रत्येक सदस्याने विचारले पाहिजेत.

गावात वाणिज्य शाखेचा एखादा विद्यार्थी असेल तर ग्रामसभेपूर्वी त्याच्या साहाय्याने हिशेबाचा एक पानी गोषवारा तयार करून तो चावडीवर लावता येईल. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. विद्यार्थ्याला आपल्या विद्येचा उपयोग कळेल, आणि ग्रामस्थांना आपल्या पैशाचा मार्ग दिसेल. पदवीचे मोल नोकरीने ठरते हे खरे. पण आपल्या गावची वही वाचू शकणारा पदवीधर ही त्या गावाची स्वतंत्र मिळकत आहे, हेही तितकेच खरे.