परीक्षानळीतील गुण आणि रुग्णाचा उतार

क्षयरोगावरील एखादे औषध काचेच्या नळीत जंतूंची वाढ रोखते, एवढ्यावरून ते रुग्णास बरे करील असे म्हणता येईल काय? हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जाणाऱ्या मजुराशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

औषधाची शक्ती मोजण्याची रीत सोपी आहे. जंतूंच्या पोषकद्रव्यात औषध चढत्या प्रमाणात मिसळावयाचे आणि किती कमी प्रमाणात वाढ थांबते ते पाहावयाचे. १९५२ साली प्रचारात आलेले आयसोनियाझिड या कसोटीत अव्वल ठरते. तरीही ते एकटेच दिले, तर अनेक रुग्णांत काही महिन्यांतच जंतू त्यास दाद देईनासे होतात. पायराझिनामाइडची गोष्ट उलट. नेहमीच्या पोषकद्रव्यात ते जवळजवळ निष्प्रभ दिसते. द्रव्य आम्लधर्मी केले तरच त्याचा गुण येतो. केवळ नळीवर भिस्त ठेवली असती, तर हे मोलाचे औषध टाकूनच दिले गेले असते! उंदरांवरील प्रयोगांनी ते वाचविले. रिफॅम्पिसिनच्या जोडीने त्यानेच दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणला.

याचे कारण असे की, फुप्फुसातील सर्व जंतू सारखे नसतात. झपाट्याने वाढणारे जंतू आयसोनियाझिड लवकर मारते. मंदावलेले, जणू निद्रिस्त जंतू मात्र मागे राहतात आणि खोकला थांबला म्हणून औषध सोडणाऱ्याचा रोग पुन्हा उलटतो.

मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात गरीब वस्तीतील रुग्णांवर घरीच उपचार झाले. त्यांचा गुण रुग्णालयात ठेवलेल्यांच्या जवळपास बरोबरीचा आढळला.

प्रयोगशाळा यशापेक्षा अपयशाचे भाकीत अधिक खात्रीने करते. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाहीत, हे थुंकीच्या जनुकीय तपासणीत आता सुमारे दोन तासांत कळते व उपचार बदलता येतो. जंतू दाद देतात असा निर्वाळा मिळाला, तरी पुढचे सहा महिने उरतातच. आणि तोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच! तेव्हा उपचार चालू असलेल्या मजुराने निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात कारखान्याचे गाव सांगावे. ‘निक्षय’ नोंदणी क्रमांकावरून तेथील केंद्रात औषधे पुढे चालू ठेवता येतात.