खाऱ्या हवेतील विजेच्या नळ्यांचे रक्षण

मिरा-भाईंदरमधील सिल्व्हर पार्क हा भाग आज दाट वस्तीचा असला, तरी उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र असल्याने तेथील हवा खारी आहे. वसईकडील वाड्यांतल्या पंपघरांचीही स्थिती तीच. मीठ हवेतील ओल शोषून घेते. त्यामुळे तारांच्या लोखंडी नळ्या लवकर गंजतात.

जस्ताचा मुलामा दिलेली नळी अधिक टिकते, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडास वाचवते. मात्र नळी कापताना व आटे पाडताना मुलामा निघून जातो आणि गंजास बहुधा तेथूनच आरंभ होतो. जोडणीनंतर उघडे राहिलेले आटे व ओरखडे जस्तयुक्त रंगाने झाकावेत. तत्पूर्वी मुख्य स्विच बंद करून गंज तारेच्या ब्रशाने खरवडावा, नळी गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावी व पूर्ण वाळू द्यावी. रंगाखाली मीठ राहिल्यास फोड येतात. घाई होते ती येथेच. जमिनीतून वर येणाऱ्या भागास डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. पूर्वी शेंदराचा हात देत. त्यात विषारी शिसे असल्याने तो टाळावा.

लेपाने बाहेरून चांगली दिसणारी नळीही सांध्यात गंजलेली असू शकते. अर्थिंगसाठी केवळ नळीवर विसंबल्यास अशा सांध्यात मार्ग तुटतो. मग बिघाड होताच पंपाच्या सांगाड्यात वीज उतरते व ओल्या पायांनी त्यास शिवणाऱ्याच्या जिवावर बेतते. यास्तव परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंगची तार घालून घ्यावी आणि पावसाळ्यापूर्वी तिची तपासणी करवावी.