शिकवायला घेतात की विकायला, ते आधी विचार

लेकरा, बीएड झालं, शिक्षक भरतीची वाट पाहून झाली, की पोरं एड-टेक कंपन्यांकडे वळतात. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतून माझ्या हाताखाली शिकून गेलेली मुलं-मुली या मुलाखती देऊन आलीत आणि तिथं काय घडलं ते मला सांगून गेलीत. त्यातून मला जे कळलं ते तुझ्या कानावर घालतो.

सगळ्यात आधी पदाचं नाव नीट वाच. ‘अकॅडमिक काउन्सेलर’ किंवा ‘बिझनेस डेव्हलपमेंट असोसिएट’ असं लिहिलं असेल तर काम बहुधा कोर्स विकण्याचं असतं. ‘सब्जेक्ट मॅटर एक्स्पर्ट’ म्हणजे प्रश्न सोडवायचे, उत्तरं लिहायची, मजकूर तपासायचा. ‘एज्युकेटर’ किंवा ‘फॅकल्टी’ असेल तर शिकवायचं. एचआरचा पहिला फोन येतो तेव्हा पोरं घाईघाईनं ‘हो सर, हो मॅडम’ म्हणत जातात. खरं तर तेव्हाच विचारायचं असतं. दिवसाला किती फोन करायचे? महिन्याचं टार्गेट किती? ते झालं नाही तर काय होतं? सुट्टी कोणत्या वारी? पालक घरी सापडतात शनिवार-रविवारी, म्हणून विक्रीवाल्यांची सुट्टी बहुधा मधल्याच एखाद्या वारी येते. एवढं विचारल्यानं नोकरी जात नाही. ज्यांना हे प्रश्न खटकतात, त्यांच्याकडची नोकरी गेलेलीच बरी.

विक्रीच्या पदासाठी रोल-प्लेचा राउंड बहुतेक ठिकाणी असतो. मुलाखत घेणारा म्हणतो, ‘समजा मी सातवीतल्या मुलाचा बाप आहे, मला कोर्स परवडत नाही, मला तयार करा.’ अशा वेळी आधी मुलाविषयी विचार. कोणत्या माध्यमात शिकतो, कुठल्या विषयात अडतो, घरातला फोन कुणाच्या हातात असतो. मग सांग की आधी मोफत तास करून बघू द्या, मुलाला जमलं तर पुढचं बोलू. जाणता मुलाखत घेणारा यावर खूश होतो. पण काही ठिकाणी मध्येच थांबवून सांगतात की असं नाही, बापाला मुलाच्या भविष्याची भीती घाला, आजच कर्ज काढायला लावा. सेनगावकडच्या एका मुलीला असंच सांगितलं. ती म्हणाली, हे मला जमणार नाही. तिची निवड झाली नाही. तू बरोबर केलंस, असं मी तिला सांगितलं, आणि तुलाही तेच सांगतो. रोल-प्लेमध्ये तुझ्याकडून जे करून घेतात, तेच उद्या रोज करून घेणार आहेत. त्या फोनच्या पलीकडं आपल्याच भागातला कुणी बाप असेल. नऊ महिने हळद जपून, काढून, शिजवून, वाळवून, मोंढ्यात नेऊन जे पैसे येतात, त्यातून तो हप्ते भरणार असतो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी सूचना काढावी लागली होती. एड-टेकची फी खात्यातून आपोआप कापली जाईल अशी परवानगी देणं टाळा, मोफत म्हणून जे देतात ते नीट तपासा, असं तीत सांगितलं होतं. मुलाखतीला जाण्याआधी ती सूचना वाचून जा. विक्री हे वाईट काम नाही, चांगली वस्तू खरं बोलून विकता येते. तुला कसं विकायला लावणार आहेत, एवढं मात्र पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

शिकवण्याच्या पदासाठी डेमो तास घेतात, त्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण आपली मुलं इथं खरोखर पुढे जाऊ शकतात. दहा-पंधरा मिनिटांत एक मुद्दा शिकवायचा असतो. समोर दोन-तीन जण विद्यार्थी होऊन बसतात. एखादा मुद्दाम भलतंच विचारतो, एखादा काही केल्या बोलत नाही. बहुतेक उमेदवार व्याख्येपासून सुरुवात करतात आणि वेळ संपतो तेव्हाही व्याख्येतच असतात. तू मुद्दा लहान घे. आम्ल आणि आम्लारी शिकवायचं असेल तर घरची हळद उचल. पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी फासून वाळव, पट्ट्या काप. कॅमेऱ्यासमोर पट्टीवर साबणाचं पाणी टाक, पट्टी लालसर होते. त्यावर लिंबू पिळ, पुन्हा पिवळी होते. थेंब टाकण्याआधी ‘काय होईल सांगा’ असं विचार आणि उत्तरासाठी खरंच थांब. हे थांबणं फार कमी उमेदवारांना जमतं आणि मुलाखत घेणारे नेमकं तेच बघत असतात. हळदीतलं करक्युमिन आम्लारीत रंग बदलतं, हे मागाहून सांग.

यात एक खोच आहे, ती आधीच तयार ठेव. कोऱ्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकला तर रंग बदलत नाही, साधं पाणी टाकलं तरी बदलत नाही. म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि पाणी यांतला फरक तिला दाखवता येत नाही. चांगला परीक्षक हेच विचारील. विचारलं नाही तर तूच विद्यार्थ्यांना विचार. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, तेही जाता जाता सांग. आपलं गाव सांगायला लाजायचं कारण नाही.

भौतिकशास्त्राच्या उमेदवारांसाठी औंढा नागनाथजवळ होऊ घातलेली लायगो प्रयोगशाळा हा डेमोचा विषय आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात, त्यांतून जाणारे लेझरचे किरण, आणि गुरुत्वीय लहर आली की लांबीत पडणारा अतिसूक्ष्म फरक. एवढ्यावर दहा मिनिटांचा उत्तम तास होतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर ‘बघून उद्याच्या तासाला सांगतो’ म्हण. थाप मारू नको. समोर त्या विषयाची माणसं बसलेली असतात.

‘एड-टेक म्हणजे काय समजता?’ असं विचारलं की पोरं बंगळुरूच्या कंपन्यांची नावं सांगतात. तू महाराष्ट्रातलं सांग. एमकेसीएल २००१ साली स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटीनं गावोगावच्या मुलांच्या हाती पहिल्यांदा माउस दिला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. एवढं नीट सांगितलं तर तुला हा विषय कळतो, हे समोरच्याला पटतं.

इंग्रजीची भीती मला समजते. स्वतःची ओळख, शिक्षण, शिकवण्याचा अनुभव आणि हे काम का हवं, एवढं इंग्रजीत लिहून मोठ्यानं म्हणत राहा, अडखळणं जाईपर्यंत. आणि विद्यार्थी मराठी माध्यमाचे असतील का, हे विचारून घे. तसं असेल तर डेमो मराठीतून देऊ का, असं सरळ विचार. एमपीएससीसारख्या परीक्षांचे मराठीतून चालणारे ऑनलाइन वर्ग आहेत. तिथं तुझी मराठी हीच तुझी पात्रता आहे.

मुलाखत ऑनलाइन असेल तर त्या दिवशी गावात थांबू नको. वीज आणि रेंज दोन्हीची खात्री असेल अशा, तालुक्याच्या गावातल्या नातेवाइकाच्या घरी जा. दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेव, उजेड तोंडावर येईल असं बस, एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेव.

आता पैशाचं. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, पाच लाख म्हणाले की घरी पेढे वाटू नको. त्यात फिक्स किती आणि व्हेरिएबल किती ते विचार. समजा फिक्स तीन लाख आहे, म्हणजे महिन्याला २५,०००. मूळ वेतन १२,५०० धरलं तर बारा टक्क्यांनी पीएफचे १,५०० कंपनीचे आणि १,५०० तुझे. कंपनीचा वाटाही सीटीसीतच धरलेला असेल तर दोन्ही तिथूनच जातात. २०० रुपये व्यवसाय कर जातो, महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या मुलींना तो नाही. हातात येतात सुमारे २१,८००. उरलेले दोन लाख टार्गेट झालं तरच. पुण्यासारख्या शहरातली खोली, डबा, जाणं-येणं यांचा हिशेब या २१,८०० वर मांड, पाच लाखांवर मांडू नको.

कंपनीचं मोठं नाव बघूनही विसावू नको. बायजूजचं नाव २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच कंपनीनं अडीच हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्याच थकबाकीच्या अर्जावर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. म्हणून ज्या कंपनीत जायचं, तिथं काम करणारं किंवा ती सोडून आलेलं नांदेड-परभणीकडचं कुणीतरी शोध आणि एकच विचार, पगार तारखेला होतो का?

बॉण्ड असेल तर शब्दन् शब्द वाच. ‘बॉण्डला कायद्यात काही अर्थ नसतो’ असं मित्र सांगतात, त्यावर विसंबू नको. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध धरली आहे. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कुणाच्या ताब्यात देऊ नको, दाखवायची आणि परत घ्यायची. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, ट्रेनिंगचे पैसे असं काही आधी मागितलं तर ती नोकरी नाही. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नको, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर.

ऑफर लेटर आलं की आधी ते छापून घे आणि आई-वडिलांना मराठीत समजावून सांग. मग सही करण्याआधी माझ्याकडं घेऊन ये, आपण सोबत बसून वाचू.