पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो तेव्हा

समजा, तुम्ही रायपूरजवळच्या उरला किंवा सिलतरा भागातील कारखान्यात काम करता. जेवणाच्या सुट्टीत विमा प्रतिनिधी येतो, फॉर्म पुढे करतो आणि म्हणतो, "हप्ता थोडाच, तोही पगारातून परस्पर." सही करण्यापूर्वी एवढे समजून घ्या की, हा विमा तुमच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला आहे. वाटा मुख्यतः तीन आहेत.

१. पगार बचत योजना : एलआयसीची ही जुनी पद्धत. प्रतिनिधी प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पॉलिसी विकतो. मालक दरमहा सर्वांचे हप्ते कापून यादीसह एकत्र पाठवतो. पॉलिसी तुमच्या नावावर असल्याने नोकरी सुटली तरी हप्ता स्वतः भरून ती चालू ठेवता येते.

२. समूह विमा : येथे मुख्य पॉलिसी मालकाच्या नावावर असते, तुम्हाला फक्त प्रमाणपत्र मिळते. नोकरी सुटली की हे संरक्षण सहसा संपते.

३. बँक : बँक विमा कंपन्यांची कॉर्पोरेट एजंट म्हणून काम करते आणि विक्रीवर तिला कमिशन मिळते. कर्ज हवे असेल तर विमा घ्याच, अशी सक्ती मात्र बँकेला करता येत नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये) यांचे हप्ते थेट खात्यातून जातात. पहिल्यात कोणत्याही कारणाने, तर दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. नोकरी बदलली तरी हे विमे चालू राहतात; फक्त मे महिन्याच्या अखेरीस खात्यात शिल्लक हवी.

खरा धोका पहिल्या वाटेवर आहे. मालकाने हप्ता पाठवलाच नाही तर? दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातील एका कर्मचाऱ्याच्या बाबतीत असेच झाले. त्याच्या मृत्यूनंतर एलआयसीने दावा नाकारला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या योजनेत हप्ता गोळा करणारा मालक एलआयसीच्या वतीने काम करतो. त्याच्या चुकीची झळ कुटुंबाला बसता कामा नये. निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला खरा, पण त्यासाठी प्रकरण दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ती वेळ आपल्या घरच्यांवर येऊ नये म्हणून :

• दर तीन महिन्यांनी पगारपत्रकातील कपात आणि एलआयसीकडे जमा झालेले हप्ते ताडून पाहा. फरक दिसल्यास शाखेला लेखी कळवा व पोच घ्या.
• नोकरी सोडताना शाखेला कळवून हप्ता स्वतः भरायला लागा. मासिक हप्त्याला सवलतीची मुदत फक्त १५ दिवसांची असते.
• वारसाचे नाव नोंदवलेले आहे ना, ते पाहा. लग्नानंतर ते बदलायचे असल्यास बदलून घ्या.
• नवी जीवन विमा पॉलिसी पटली नाही तर हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आणि पॉलिसी कोठे ठेवली आहे, हे आजच घरी सांगा. विमा आहे हेच घरच्यांना माहीत नसेल, तर दावा कोण करणार?