सांधलेला कलश

लंडन येथील ब्रिटिश संग्रहालयात ‘पोर्टलंड कलश’ या नावाचे एक रोमन काचपात्र आहे. त्याचे वय सुमारे २,००० वर्षे. उंची वीतभराहून किंचित अधिक. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर चढवावयाचा आणि तो हलक्या हाताने कोरून शुभ्र आकृती उठवावयाच्या, अशी ही अवघड कला. एक आघात चुकला, तरी सारे श्रम व्यर्थ!

७ फेब्रुवारी १८४५ रोजी एका तरुणाने संग्रहालयातीलच एक जड शिल्प फेकून या कलशाच्या ठिकऱ्या उडविल्या. जॉन डबलडे या कुशल कारागिराने त्याच वर्षी तो मोठ्या चिकाटीने सांधला. परंतु ३७ बारीक तुकड्यांची जागा त्याला सापडली नाही. १९४८-४९ मध्ये कलश उकलून पुन्हा जोडण्यात आला, तेव्हा त्यांतील केवळ तीन तुकडे बसले. १९८९ साली तिसरी जोडणी पूर्ण झाली. या वेळी उरलेल्यांपैकी बहुतेक तुकडे आपापल्या स्थानी बसले.

कलश फुटावयास एक क्षण पुरला. तो सांधावयास मात्र तीन वेगवेगळ्या काळांतील कारागिरांचे कष्ट आणि १४४ वर्षे लागली.

प्रश्न : उरलेले ३७ तुकडे निरुपयोगी समजून टाकून दिले असते, तर काय झाले असते?