हाडाला वजन कळतं!

गेल्या वर्षी माझ्या रूम पार्टनरचा बाइकवरून ॲक्सिडेंट झाला आणि नडगीच्या हाडाचा एक तुकडाच गेला. डॉक्टरांनी कमरेचं हाड काढून तिथे भरलं. पाय जुळला, पण पठ्ठ्या अजून म्हणतो, "पायापेक्षा कंबरच जास्त दुखली रे!" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की हाड बाहेर लॅबमध्ये वाढवता येणार नाही का? म्हणून वाचायला घेतलं आणि पोचलो थेट आपल्या एस.ओ.एम.च्या पेपरात! (मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

१८६६ साली झुरिकमध्ये कार्ल कुलमान या इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. तो केला होता शरीररचनेचे अभ्यासक हेर्मान फॉन मायर यांनी. आतली जाळी बघून कुलमान चकित झाले, कारण या रेषा तर क्रेनमधल्या स्ट्रेसच्या रेषांसारख्या! पुढे १८९२ मध्ये युलिउस वोल्फ या जर्मन सर्जनने मांडलं की हाड आपल्यावरच्या लोडप्रमाणे रचना बदलतं. लोड गेला की हाडही जातं. अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्का हाड खुब्याजवळ कमी होतं, ते यामुळेच.

पण हाडाला कळतं कसं? खरी गंमत इथे आहे. आपण धावलो तरी हाडातला स्ट्रेन साधारण ०.३ टक्क्यांच्या आतच राहतो. लॅबमधल्या पेशींना मात्र नुसतं ताणून जागं करायचं, तर एक टक्का किंवा त्याहून जास्त ताण लागतो. मग? हाडात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी अतिशय बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. ओला स्पंज दाबल्यावर पाणी सरकतं ना, तसा हाड दबलं की हा द्रव सरकतो. पेशींना जाणवतो तो त्याचा शिअर. १९९४ मधल्या एका गणितानुसार हा शिअर साधारण ०.८ ते ३ पास्कल भरतो.

आता लॅबमध्ये. आधी एक सच्छिद्र सांगाडा बनवतात, त्याला स्कॅफोल्ड म्हणतात. बांधकामावरची परांचीच समजा. त्यावर मज्जेतल्या पेशी सोडायच्या आणि पंपाने त्यातून पोषक द्रव फिरवायचा. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीत टायटॅनियमच्या जाळीवर हा प्रयोग झाला. द्रवाचा वेग वाढवला तसं कॅल्शियम जास्त साठलं. पण कुणीही शंका काढेल, वेग वाढला म्हणजे खाऊपिऊही जास्त मिळालं, मग श्रेय शिअरला कशाला? २००३ मध्ये त्यांनी यावर झकास तोड काढली. वेग तोच ठेवला आणि द्रवात डेक्स्ट्रान घालून तो दाट केला. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना कळलंच असेल : व्हिस्कॉसिटी वाढली, शिअर वाढला, पोषणाचा प्रवाह तेवढाच. तरी कॅल्शियम वाढलं! मला तर हा प्रयोग वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पेशी कशावर बसली आहे, यालाही महत्त्व आहे. २००६ मध्ये एंग्लर आणि डिशर यांच्या गटाने दाखवलं की एकाच प्रकारची स्टेम सेल अगदी मऊ जेलवर मज्जापेशीसारखी, म्हणजे नर्व्हच्या पेशीसारखी, मध्यम जेलवर स्नायूसारखी, आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या जेलवर हाडाच्या पेशीसारखी होऊ लागते.

अडचणी आहेतच. मोठा तुकडा वाढवला तर आत रक्तवाहिन्या नसल्याने मधल्या पेशी मरतात. शिवाय नुसता दाबून ठेवलेला लोड कामाचा नाही, तो बदलता हवा. १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर लॅनियन आणि रुबिन यांनी हे तपासलं होतं. एकसारखा दाब असलेलं हाड बिनलोडच्या हाडासारखंच झिजलं, आणि दिवसाला फक्त ३६ वेळा लोड देऊनही हाड वाढलं. १८०० वेळा देऊन त्याहून जास्त काही मिळालं नाही.

हे सगळं मी पार्टनरला रात्री मेसमधून येताना सांगितलं. तो जिन्यातच थांबला. डॉक्टरांनी "आता थोडं थोडं वजन टाकत चाल" म्हटल्यावरही मेसच्या मावशी "पाय टेकवू नको रे बाळा" म्हणायच्या, आणि याने तीन आठवडे मावशींचंच ऐकलं होतं.