पासपोर्ट खिशात की हॉटेलात?

प्रश्न : आई-बाबा युरोपला निघालेत. पासपोर्ट सतत जवळ बाळगावा का?

उत्तर : शहरात फिरताना पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवावा आणि झेरॉक्स जवळ बाळगावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बार्सिलोनाच्या मेट्रोत दार बंद होता होता मुद्दाम रेटारेटी होते, तेवढ्यात पर्सची चेन उघडली जाते. पैसे गेले तर हळहळ. पासपोर्ट गेला तर सहलच संपते. पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावासाकडून आणीबाणीचा दाखला मिळतो खरा, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं, शिवाय पासपोर्टवरचा शेंगेन व्हिसाही जातो. ‘पोलिसांनी मूळ पासपोर्ट मागितला तर?’ ही शंका रास्त आहे. जपानमध्ये तर पर्यटकांना तो जवळ ठेवणं कायद्यानं बंधनकारकच आहे. तिथे, आणि शहर बदलताना, तो कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात ठेवावा. पाठीवरच्या सॅकमध्ये कधीही नको. निघण्यापूर्वी त्याची एक प्रत तुमच्याकडेही ठेवून घ्या.